खुलासा: नॉटिलसच्या शंखात सुवर्ण गुणोत्तर नसतं

कॉलेजात गणिताच्या सौंदर्यावरचा वैकल्पिक विषय घेतला की नॉटिलस या समुद्री जीवाच्या उभ्या कापलेल्या शंखाचं चित्र बहुतेक वेळा समोर येतं. सोबत दावा असतो: हेच सुवर्ण गुणोत्तर, १.६१८ (रेषेचे असे दोन भाग, की पूर्ण रेषा मोठ्या भागाच्या जितकी पट, तितकीच पट मोठा भाग लहान भागाच्या). विषय जरूर घ्या, पण हा दावा चुकीचा आहे.

सुवर्ण सर्पिल दर पाव वेढ्याला १.६१८ पट रुंदावतं, म्हणजे पूर्ण वेढ्यात सुमारे ६.८५ पट. नॉटिलसचा शंख एका वेढ्यात साधारण तिप्पटच होतो. प्राणी वाढतो तसं शंखाचं माप वाढतं, आकार मात्र तोच राहतो; म्हणून लॉगरिदमिक सर्पिल, म्हणजे दर वेढ्याला त्याच पटीत रुंदावणारं सर्पिल, तयार होतं. अशी सर्पिलं अगणित आहेत, सुवर्ण सर्पिल त्यांतलं फक्त एक. मला हे कारण त्या आकड्यापेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या चित्रावर आखलेली सुवर्ण चौकटही (बाजूंचं प्रमाण १.६१८ असलेला आयत) अशीच, सोयीची टोकं धरून बसवलेली.

सुवर्ण गुणोत्तर खरोखर पाहायचं तर सूर्यफूल घ्या. त्याच्या चकतीत लागोपाठ उगवणाऱ्या बारीक फुलांमध्ये साधारण १३७.५ अंशांचा कोन असतो; पूर्ण वर्तुळाचे सुवर्ण गुणोत्तरात दोन भाग केले, तर लहान भागाचा कोन हाच. दोन्ही दिशांना वळणाऱ्या रांगा मोजल्या तर अनेकदा ३४ आणि ५५ भरतात, आणि ५५ ला ३४ ने भागलं की जवळपास १.६१८ येतं.