व्हॅनिलाच्या फुलातला पडदा

व्हॅनिला आइस्क्रीममध्ये बीव्हर नावाच्या प्राण्याच्या शेपटीजवळच्या ग्रंथींचा स्राव घालतात, असा एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. हा स्राव पूर्वी अत्तरांत आणि अगदी थोडा खाण्याच्या पदार्थांत वापरत, हे खरं. पण तो इतका दुर्मीळ आणि महाग आहे की वीस रुपयांच्या कपात तो घालणं कोणालाच परवडणार नाही. त्या कपात असतं कारखान्यात तयार झालेलं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं रसायन. असले मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढा हिशेब तरी करावा.

खरा व्हॅनिला येतो एका ऑर्किडच्या शेंगेतून. आपल्या सह्याद्रीत फुलणारी सीतेची वेणी याच कुळातली. व्हॅनिलाचं माहेर मेक्सिको. तिथले टोटोनाक लोक तो स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. १८२०च्या सुमारास फ्रेंचांनी त्याच्या वेली हिंदी महासागरातल्या आपल्या वसाहतीत, बूर्बाँ बेटावर नेल्या. आज त्याला रीयुनियन म्हणतात. वेली माजल्या, फुलल्याही, पण शेंग काही धरेना.

कारण फुलाच्या रचनेत आहे. जास्वंदीत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे दिसतात, ते शाळेत आपण कापून पाहिलेले असतात. ऑर्किडमध्ये हे दोन्ही जुळून एकच दांडा बनतो. दांड्याच्या टोकाला टोपीखाली चिकट परागांचा पुंजका आणि त्याच्या लगेच खाली कुक्षी, म्हणजे पराग जिथे पोचायला हवेत ती जागा. अंतर जेमतेम काही मिलिमीटर. पण दोघांच्या मधोमध जिभेसारखा एक पातळ पडदा लोंबतो. त्याच फुलाचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडू नयेत, यासाठीची ही आडकाठी. मेक्सिकोच्या जंगलात काही मधमाश्या ती ओलांडतात, पण तिथेही शंभरातल्या एखाद्याच फुलाला शेंग धरते. बूर्बाँवर तर त्या माश्याच नव्हत्या. शिवाय फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं, त्यामुळे हाताशी वेळ काही तासांचाच!

बेल्जियममध्ये शार्ल मॉरेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८३६ साली हातानं परागीभवन करून शेंग धरवली होती, पण मळ्यात चालेल अशी सोपी रीत १८४१ साली सापडली ती बूर्बाँवरच्याच एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाला. मालक बेलिए-बोमों यानं त्याला कलिंगडाच्या नरफुलाचे पराग मादीफुलाला कसे लावायचे ते दाखवलं होतं. एदमोंनं व्हॅनिलाचं फूल नीट न्याहाळलं. बारीक काडीनं तो पडदा वर उचलला आणि अंगठ्यानं परागांचा पुंजका कुक्षीवर दाबला. झालं. वीसेक वर्षं वांझ राहिलेल्या वेलीवर शेंगा पाहून मालकाचा आधी विश्वासच बसला नाही. पोरानं समोर करून दाखवल्यावर बसला. सराव झालेला मजूर याच रीतीनं एका सकाळी हजारभर फुलं उरकतो. मादागास्करमध्ये आजही हेच चालतं.

शेंग पिकायला आठ-नऊ महिने लागतात आणि हिरव्या शेंगेला तो वास नसतोच. व्हॅनिलिन साखरेच्या रेणूला जखडलेलं असतं. शेंगा गरम पाण्यात बुडवून, मग उबेत घाम आणत, वाळवत ठेवल्या की शेंगेतलंच एक विकर ही गाठ सोडवतं.

१८४८ साली बूर्बाँवरून जेमतेम ५० किलो व्हॅनिला बाहेर गेला. शतकाच्या अखेरीस तो आकडा सुमारे २०० टनांवर पोचला. त्याच १८४८च्या डिसेंबरात बेटावरची गुलामी संपली आणि एदमोंला आल्बियूस हे आडनाव मिळालं. पैसा मात्र मळेवाल्यांचा झाला. पुढे चोरीच्या गुन्ह्यात तो तुरुंगात गेला, तेव्हा बेलिए-बोमोंनं त्याच्या शोधाचा दाखला देत सुटकेसाठी अर्ज केला आणि शिक्षा कमी झाली. रिशार नावाच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञानं, ही रीत आपणच शिकवली, असा दावा केला. तोही बेलिए-बोमोंनं लेखी खोडून काढला. एदमोंला या शोधाचा मोबदला कधीच मिळाला नाही. १८८० साली सँत-सुझान गावात तो दारिद्र्यात वारला.