चष्म्यातली वाटणी

खडेबाजारातल्या दुकानातून नवा चष्मा डोळ्यावर चढवून निघालो आणि रविवार पेठेपर्यंत पोचेस्तोवर काचा काळ्या झाल्या. उन्हात काळा, घरात पांढरा, म्हणून मी खूश होतो. पुढच्या आठवड्यात गाडीनं निपाणीला निघालो तेव्हा मात्र रणरणत्या उन्हात काचा शेवटपर्यंत पांढऱ्याच राहिल्या. परत येऊन तक्रार केली. दुकानदारानं नोटा तपासायचा जांभळा दिवा काउंटरवर घेतला, चष्मा त्याखाली धरला. पाच-सात सेकंदांत काचेला शाई कालवल्यासारखा रंग चढला. "काका, चष्मा बरोबर आहे. तुमच्या गाडीची पुढची काच अतिनील किरणं अडवतेय."

बेळगावात वाद म्हटलं की लोकांना एकच वाद आठवतो. या काचेच्या आत मात्र वेगळाच वाद मुरलेला आहे, आणि तोही बऱ्याच दशकांचा.

काचेच्या प्लास्टिकमध्ये बहुधा नॅफ्थोपायरन जातीचे रंगरेणू असतात. त्यांचा चुलतभाऊ म्हणजे स्पायरोपायरन. त्याचा प्रकाशानं रंग बदलण्याचा गुण फिशर आणि हिर्शबर्ग यांनी १९५२ साली दाखवला. स्पायरोपायरनचे दोन भाग एका कार्बनवर काटकोनात जोडलेले असतात, त्यामुळे या भागातले इलेक्ट्रॉन त्या भागात फिरकत नाहीत आणि रेणू रंगहीन दिसतो. अतिनील प्रकाश पडला की त्या कार्बनचा शेजारच्या ऑक्सिजनशी असलेला बंध तुटतो, कडं उघडतं आणि रेणू सपाट होतो. मग इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतात आणि रंग दिसतो. या उघड्या रूपाला मेरोसायनिन म्हणतात. उष्णतेनं कडं पुन्हा मिटतं. चष्म्यातल्या नॅफ्थोपायरनचंही साधारण असंच. म्हणूनच जानेवारीत सकाळी जांबोटीच्या रस्त्याला माझ्या काचा मे महिन्यातल्या दुपारपेक्षा जास्त काळ्या होतात. थंडीत मिटण्याचं काम रेंगाळतं, उघडे रेणू साठत जातात.

इथवर सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते बंध तुटतो कसा यावर.

साधा हिशेब करू. ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशाची ऊर्जा एका मोलमागे सुमारे ३२८ किलोज्यूल भरते. कार्बन-ऑक्सिजनच्या एकेरी बंधाला सरासरी ३५० च्या आसपास लागतात. या रेणूतला बंध सरासरीपेक्षा लेचापेचा असतो हे खरं, पण प्रकाश कोयत्यासारखा येऊन ऊस तोडावा तसा बंध तोडतो, हे चित्रच चुकीचं आहे. प्रकाश एका इलेक्ट्रॉनला वरच्या मजल्यावर नेऊन बसवतो. तिथून दिसणारी रेणूच्या ऊर्जेची जमीन निराळी असते. तिच्यावर तोच बंध ताणत नेला तर उतार लागतो.

आता वाटणी. बंध म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांची सामाईक मिळकत. तो तुटताना दोघांना एकेक मिळतो, की ऑक्सिजन दोन्ही घेऊन जातो? मेरोसायनिनमध्ये ऑक्सिजनवर ऋण आणि नायट्रोजनवर धन प्रभार बराचसा दिसतो, म्हणून दोन्ही ऑक्सिजननंच नेले असं म्हणायचा मोह होतो. मला हा पुरावा कच्चा वाटतो. वाटणीनंतर कोण कुठल्या खोलीत राहतो, यावरून वाटणीच्या दिवशी काय झालं ते कळत नाही. आमच्या शहापुरातल्या जुन्या वाड्यांना विचारा!

दुसरा प्रश्न वाटेचा. वरच्या मजल्यावर इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे फिरकीसारखा त्यांचा एक गुण, एकमेकांविरुद्धच राहिले तर ती सिंगलेट अवस्था, एकाचा स्पिन पालटला तर ट्रिपलेट. साध्या स्पायरोपायरनमध्ये काम सिंगलेटमधूनच उरकतं असं बहुतेकजण मानतात. त्याला नायट्रो गट जोडला की ट्रिपलेटचीही वाट खुली होते, आणि कुठल्या द्रावकात कुठली वाट किती चालते यावर मतं फुटतात. द्रावणात विरघळलेला हवेतला ऑक्सिजन ट्रिपलेटला गिळतो, म्हणून द्रावणात ऑक्सिजन ठेवून आणि काढून फरक बघणं ही यातली जुनी युक्ती.

गणितवाल्यांनी यात आणखी एक फाटा काढलाय. शोषलेला प्रत्येक फोटॉन रंग देत नाही. मग उरलेले जातात कुठे? काही आकडेमोडींनुसार कधीकधी कार्बन-ऑक्सिजनऐवजी कार्बन-नायट्रोजनचा बंध ताणला जातो, आणि रेणू ऊर्जा उष्णतेच्या रूपात टाकून मूळ जागी परततो. वाट चुकून घरी आल्यासारखं.

मग कॅमेरा लावून बघत का नाहीत? बघतात. अहमद झेवैल यांना १९९९ चं नोबेल मिळालं ते याच तंत्रासाठी. लेसरचा एक ठोका क्रिया सुरू करतो, दुसरा फेम्टोसेकंदांच्या अंतरानं तिची नोंद घेतो. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात, तितके सेकंद मोजायला तीन कोटींहून जास्त वर्षं लागतील. पण असा ठोका अणूंचा फोटो देत नाही. कुठला रंग किती शोषला गेला याचे पट्टे मिळतात, ते रुंद असतात, एकमेकांवर चढलेले असतात, आणि एकाच पट्ट्याचे दोन अर्थ लागतात. तिकडे संगणकावर पूर्ण रेणू झेपत नाही, म्हणून बऱ्याचदा त्याचे हातपाय छाटून, द्रावक वगळून, सुटसुटीत नमुना घेतात. प्रयोगशाळेत एक रेणू, संगणकात त्याचाच बारका भाऊ. भांडण मिटत नाही त्याचं अर्धं कारण मला इथंच दिसतं.

परवा संध्याकाळी चष्मा काढून पांढऱ्या धोतरावर ठेवला. घरात येऊन दहा मिनिटं झाली होती, तरी काचेत चहाच्या पाण्याइतका फिकट रंग राहिलाच होता. नॅफ्थोपायरन उघडताना काही रेणू एका दुहेरी बंधाभोवती आणखी एक वळण घेतात. त्या रूपातून मिटायला फार वेळ लागतो. दिवा बंद करून झोपलो, सकाळी काचा निवळल्या होत्या.