त्रिमितीय आकलन, खडकांच्या संरचनेचे

उघड्या खडकावर दिसणाऱ्या रेषांवरून जमिनीखालच्या थरांचा आकार मनात उभा करण्याची क्षमता. घड्या (थरांना पडलेल्या वळ्या) व प्रस्तरभंग (खडक तुटून सरकलेल्या भेगा) यांच्या अभ्यासाला ती पायाभूत आहे. ही क्षमता उपजत की सरावाची, यावर मतभेद आहेत. १९९६ मध्ये संशोधक काली व ओरिअन यांनी शालेय विद्यार्थ्यांच्या या क्षमतेत मोठे फरक नोंदवले. मात्र २०१३ मधील २१७ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत अवकाशीय कौशल्ये सरावाने वाढतात असे आढळले. क्षेत्रकामाचा अनुभव याच मताला बळ देतो.

मुख्य अडचण भासमान नतीची, म्हणजे तिरकस छेदात थराचा कल खऱ्यापेक्षा कमी दिसण्याची. थराची खरी नती (आडव्या पातळीपासूनचा कल) ६०° असली तरी स्ट्राइकशी (थर व आडवी पातळी जेथे छेदतात त्या रेषेच्या दिशेशी) ३०° कोन करणाऱ्या उभ्या छेदात ती सुमारे ४१° दिसते. स्ट्राइकला समांतर छेदात थर आडवाच भासतो. म्हणून एकाच दरडीवर विसंबू नये. दोन वेगळ्या दिशांच्या छेदांवरून खरी नती काढता येते.

मोजमापे स्टिरिओनेटवर, म्हणजे त्रिमितीय दिशा सपाट कागदावर दाखवणाऱ्या वर्तुळाकार जाळीवर, मांडतात. त्यामागील प्रक्षेपाचे श्रेय काही जण ग्रीक खगोलज्ञ हिपार्कसला देतात, पुरावा टॉलेमीपासून (इ. स. दुसरे शतक) अधिक भक्कम आहे. ‘स्टिरिओग्राफिक’ हे नाव जेझुइट गणितज्ञ आगिलोन यांनी १६१३ मध्ये दिले. जाळीच्या दोन प्रकारांपैकी वुल्फच्या जाळीत कोन अबाधित राहतात; श्मिटच्या जाळीत (१९२५) क्षेत्रफळ राखले जाते, त्यामुळे बिंदूंची दाटी तपासायला हीच सोयीची.

गोव्यात स्ट्राइक प्रामुख्याने वायव्य-आग्नेय आहे. ‘गोवा समूहा’त बार्से, सावर्डे, डिचोली व वाघेरी हे स्तरसमूह येतात, तो आर्कियन महाकल्पाच्या (२५० कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या काळाच्या) उत्तरार्धातील मानला जातो. डिचोली स्तरसमूहात लोहखनिजाचे पट्टे आहेत. घट्ट घडीच्या दोन्ही भुजा एकाच दिशेने कललेल्या असल्या, तर एकच पट्टा नवख्याला दोन वाटतो. हे ओळखले नाही तर साठ्याचा अंदाज चुकतो. बराच भाग जांभ्याने झाकलेला, त्यामुळे किनारा, नदीपात्र, घाटरस्ते व खाणीच महत्त्वाच्या. दोनापावलच्या किनाऱ्यावर मेटाग्रेवॅक (रूपांतरित झालेला मातकट वालुकाश्म) उघडे दिसते. ओहोटीला तेथे आडवा पृष्ठभाग आणि उभी बाजू एकत्र पाहता येतात. हा सराव कागदावरील कोणत्याही आकृतीपेक्षा मोलाचा आहे. खाणींच्या पायऱ्यांवर उभे छेद मिळत. २०१२ मध्ये खाणकाम थांबले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे (खाणकामाचे परवाने) रद्द केले.

भूविज्ञानाचे शिक्षण मडगावचे चौगुले व मिरामारचे धेंपे महाविद्यालय, तसेच गोवा विद्यापीठ येथे मिळते.