शांतता कमिटी वेगळी, मोहल्ला कमिटी वेगळी

परवा पुन्हा पेपरात वाचलं, "मोहल्ला कमिटीची बैठक उत्साहात संपन्न". खाली फोटो. स्टेजवर दहा-बारा माणसं, पुढ्यात पाण्याच्या छोट्या बाटल्या, मागे फ्लेक्स, मधल्या खुर्चीत साहेब. आणि बातमी सगळी डीजेची, कमानीची, विसर्जनाच्या रूटची. अरे बाबांनो, ही शांतता कमिटी आहे! नावात काय एवढं, असं कुणी म्हणेल, तर त्याचं होतं असं की लोकांना वाटतं आपल्या गावात मोहल्ला कमिटी आहेच की, मग खरी कुणी काढायच्या भानगडीतच पडत नाही.

शांतता कमिटी सगळ्यांना माहितीये, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. गणपती, ईद, शिवजयंती, भीमजयंती जवळ आली की पोलीस स्टेशनातून फोन येतो. मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे ट्रस्टी, आजी-माजी नगरसेवक, एखादे डॉक्टर. चहा, बिस्कीट, सत्कार, मग "सण शांततेत साजरे करा" हे आवाहन. मी मंडळाचा सेक्रेटरी म्हणून सात वर्षं हे बिस्कीट खाल्लंय. टिंगल करतोय खरा, पण तिचं काम आहेच. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला, तेव्हा राज्यात बऱ्याच ठिकाणी ईदचे जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं आणि सरकारने सुट्टीही २९ ची दिली. असल्या गोष्टी ज्यांचा शब्द चालतो त्यांनीच बसून ठरवायच्या असतात, तिथे गल्लीतला माणूस काय करणार.

आता मोहल्ला कमिटी, म्हणजे वस्तीतली साधी माणसं आणि त्या भागातला पोलीस दर महिन्याला एकत्र बसतात ती. हिचं मूळ भिवंडीत. यंत्रमागांचं गाव, निम्मी वस्ती बाहेरून आलेली, दिवसरात्र खडखडाट. १९७० ला दंगल, १९८४ ला दंगल, दोन्ही मे महिन्यातल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी वस्त्या-वस्त्यांमधून साधारण सत्तर कमिट्या उभ्या केल्या. पुढे डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे नऊशे माणसं गेली, आणि जेमतेम ३५-४० किलोमीटरवरची भिवंडी, जिचं नाव काढलं की लोक दंगल म्हणायचे, ती शांत राहिली. खोपडे तोवर बदलून गेले होते, हेही लक्षात घ्या.

मग फरक काय? लोक सांगतात की मोहल्ला कमिटीत दोन्ही धर्मांची माणसं असतात. अहो, शांतता कमिटीतही असतात! फोटोत तर मुद्दाम शेजारी शेजारी बसवतात. हा फरकच नाही.

खरा फरक एवढाच, की एक कमिटी भांडणाच्या सीझनमध्ये बसते आणि दुसरी काहीच झालेलं नसताना बसते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बाकी सगळं यातूनच येतं. सणाच्या तोंडावर बोलावलं की विषय आपोआप सणाचा, म्हणजे धर्माचा, आणि माणसंही मग धर्माचे प्रतिनिधी म्हणूनच येणार, "आमच्या समाजाच्या वतीने" असं सुरू करून बोलणार. काहीच नसताना बोलावलं की तीच माणसं गटाराबद्दल बोलतात, रात्री बारा वाजता गाडीचा सायलेन्सर काढून फिरणाऱ्या पोराबद्दल बोलतात, बंद पडलेल्या खांबावरच्या दिव्याबद्दल बोलतात, आणि तिथे अचानक दोन्ही बाजूंची माणसं एकाच बाजूला निघतात कारण गटार दोघांच्याही दारातून वाहतं.

आणि दंगलीचं बी बऱ्याचदा असल्याच फालतू भांडणात असतं. आमच्याकडे काही वर्षं ही कमिटी नीट चालली, तेव्हाचं सांगतो. नळाला पाणी पहाटे साडेचारला, तेही अर्धा तास. दोन बायकांची हंड्यावरून जुंपली, एक आमच्या आळीतली, एक पलीकडच्या मुसलमान गल्लीतली. हंडा लवंडला, मग नवरे आले, मग दीर आले. दुपारपर्यंत हंडा गायब झाला आणि "त्यांनी आपल्या बाईवर हात टाकला" एवढंच उरलं, दोन्हीकडे, अगदी शब्दाला शब्द. संध्याकाळी बीटचा, म्हणजे आमचा भाग ज्याच्याकडे होता तो हवालदार आला, साध्या कपड्यात, आणि ओट्यावर बसला. त्याला दोन्ही घरं माहीत होती कारण दर महिन्याला त्यातलं कुणी ना कुणी मीटिंगला असायचंच. त्याने काय केलं, तर पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला बोलावलं! पाऊण तास त्यालाच झापलं सगळ्यांनी मिळून. पुढच्या आठवड्यापासून दोन गल्ल्यांना वेगवेगळ्या वेळेला पाणी. हे प्रकरण शांतता कमिटीपुढे कधी आलंच नसतं, आलं असतं तर चार दिवसांनी, दगड पडल्यावर, आणि तिथे चावीवाल्याला कोण बोलावतो.

म्हणून मोहल्ला कमिटीच्या मीटिंगला पोलिसांकडून बीटचा हवालदार हवा किंवा फार तर फौजदार. मोठा साहेब आला की खुर्च्यांच्या रांगा लागतात, पुढारी आपोआप पहिल्या रांगेत येतात आणि गटाराबद्दल बोलायची सोय उरत नाही. हवालदारालाही याचा फायदा असतो, अफवा उठली की कुणाला फोन करायचा ते त्याला पाठ असतं.

बाकीचे फरक सोडून द्या. कार्ड मिळतं का, किती मेंबर, रजिस्टर कुठलं, याने काही होत नाही. "मोहल्ला" शब्दामुळे काहींना ती मुसलमानांचीच कमिटी वाटते, मोहल्ला म्हणजे आळी, पेठ, वस्ती, एवढंच. तंटामुक्त गाव समिती हे तिसरंच, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००७ मध्ये सुरू झालेलं, मुख्यतः गावातले वाद गावातच मिटवायचं. पोलीस मित्र म्हणजे बंदोबस्तात शिट्टी घेऊन उभी राहणारी पोरं. आणि अडीचशे जणांचा गुड मॉर्निंगवाला व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे यातलं काहीच नाही, त्याला मोहल्ला कमिटी नाव दिलेलं बघितलं की मी लेफ्ट होतो.

मुंबईत दंगलीनंतर निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस कमिशनर सतीश साहनी यांनी असंच काम उभं केलं, पुढे त्याचा ट्रस्ट झाला. तिथेही नुसती भाषणं नव्हती, वस्तीतली पोरं आणि पोलीस यांच्या क्रिकेट मॅच लावल्या.

मोहल्ला कमिटी म्हणजे जादू आहे असं मी म्हणत नाहीये. २००६ च्या जुलैमध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगत पोलीस स्टेशन बांधण्यावरून भडका उडाला, गोळीबारात दोघं गेले आणि दोन कॉन्स्टेबलही मारले गेले. तेव्हा भांडण हिंदू-मुसलमान नव्हतंच, पोलीस आणि लोक असं होतं, म्हणजे जी गाठ या कमिटीने बांधायची तीच सुटलेली. ती सुटते फार पटकन. आमच्याकडे तो हवालदार बदलून गेला, नवीन आला त्याला दोन महिने बंदोबस्तातून सवडच नाही, तिसऱ्या महिन्यात मीटिंग घेतली ती पोलीस स्टेशनच्या हॉलमध्ये, फ्लेक्स लावून, गणपतीच्या आठ दिवस आधी. बिस्कीट तेच होतं.