पोर्नोग्राफीचे व्यसन

पोर्नोग्राफीचे व्यसन : लैंगिक उत्तेजनेसाठी तयार केलेली चित्रे वा चित्रफिती पाहण्यावरचा ताबा सुटून झोप, अभ्यास, काम किंवा नातेसंबंध बिघडू लागतात, त्या अवस्थेला रूढ झालेले नाव. मात्र दारू किंवा जुगाराच्या पंक्तीत तिला बसवावे काय, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानग्रंथात जुगाराला व्यसनांत स्थान दिले, पण अतिलैंगिकता विकाराचा प्रस्ताव स्वीकारला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात सक्तीच्या, म्हणजे स्वतःला आवरता न येणाऱ्या, लैंगिक वर्तनाचा विकार आहे. तो व्यसनांत नव्हे, तर आवेगनियंत्रणाच्या (मनातील ऊर्मी रोखता न येण्याच्या) विकारांत मोडतो. साधारण सहा महिने वा अधिक काळ ताबा राहत नसेल आणि त्यातून तीव्र मनस्ताप किंवा आयुष्यात ठळक बिघाड होत असेल, तरच हे निदान करता येते. केवळ नैतिक नापसंतीतून आलेला मनस्ताप त्यासाठी पुरेसा नाही, ही त्यातली सर्वांत मोलाची अट होय.

व्यसनाची बाजू मांडणारे मेंदूच्या अभ्यासांचा आधार घेतात. केंब्रिजमध्ये व्हॅलरी वून यांच्या गटाने २०१४ मध्ये असा त्रास असलेल्या १९ पुरुषांची तुलना तितक्याच निरोगी पुरुषांशी केली. चित्रफिती पाहताना पहिल्या गटात ओढ अधिक दिसली, आवड मात्र दोन्ही गटांत सारखीच होती. पाहावेसे वाटते पण त्या प्रमाणात सुख मिळत नाही, हे अमली पदार्थांच्या व्यसनाशी जुळणारे लक्षण आहे. त्याच वर्षी बर्लिनमधील ६४ पुरुषांच्या अभ्यासात अधिक तास पाहणाऱ्यांच्या मेंदूतील एका भागात करडे द्रव्य (चेतापेशींची दाटी असलेली ऊती) कमी आढळले; परंतु ते पाहण्यामुळे घटले की मुळातच कमी होते, हे एकाच वेळच्या मोजणीतून ठरत नाही. उलट संशोधक निकोल प्राउस यांच्या २०१५ मधील १२२ जणांच्या अभ्यासात त्रस्त व्यक्तींच्या मेंदूचा प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे वाढलेला नव्हता, तर मंदावलेला होता. व्यसनाची बाजू मांडणाऱ्यांनी मात्र त्यालाही मेंदू सतत पाहून सरावल्याची खूण मानले.

मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रब्स यांच्या संशोधनानुसार, जे पाहणे स्वतःलाच पाप वाटते ते करणारी व्यक्ती तुलनेने कमी पाहत असली, तरी स्वतःला व्यसनी समजण्याचा संभव वाढतो. म्हणून किती तास पाहता, एवढ्यावर निदान करणे चुकीचे ठरते. अपराधभावाने पिचलेल्या तरुणाला व्यसनी ठरवणे जितके घातक, तितकेच खरोखर ताबा सुटलेल्याला ‘हे वयाचेच आहे’ म्हणून परत पाठवणे घातक आहे. उपचारांत बोधात्मक वर्तनोपचारावर (विचार व सवयी बदलण्यास शिकवणाऱ्या उपचारपद्धतीवर) भर असतो; सोबत नैराश्य वा चिंताविकार आहे काय, हेही तपासावे लागते.