एक किलो मोरचूद, एक किलो चुना

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत केवडा या बुरशीजन्य रोगाची धास्ती सुरू होते आणि बांधावर प्लास्टिकचे ड्रम येतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार), एक किलो कळीचा चुना. हे बुरशीवरचं बोर्डो मिश्रण तयार झालं की जाणती माणसं त्यात विळ्याचं पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. तसंच फवारलं तर कोवळी पानं करपतात.

अणूचा पहिला धडा मला शिकवायला मिळाला, तर मी या ड्रमपाशीच उभा राहीन. तो तांबूस थर म्हणजे पाण्यात विरघळलेलं तांबं. तांब्याचा एक अणू पात्यावर बसतो, तेव्हा लोखंडाचा एक अणू पाण्यात उतरतो. एकास एक. अणूंचे व्यवहार असे नगावर चालतात, वजनावर नाही. जॉन डाल्टनने १८०८ साली नेमकं हेच मांडलं होतं: अणू एकमेकांशी पूर्णांकातच जुळतात, अर्धा किंवा पाव अणू कुणाच्या वाट्याला येत नाही.

पण आपल्या हातात असतो तो तराजू. मग तोलून नग कसे कळायचे?

त्यासाठी रसायनशास्त्रात मोल हे माप आहे. डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे ६०२२ वर २० शून्यं, एवढे कण. (२०१९पासून हा आकडा ६०२२१४०७६ वर १५ शून्यं असा कायमचा ठरवून टाकला आहे.) एक मोल पाणी म्हणजे फक्त १८ ग्रॅम, जेमतेम एक घोट. तो घोट रामकुंडात सोडला, गोदावरीने बंगालच्या उपसागरात नेला आणि पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांत अगदी सारखा मिसळला असं समजा. नंतर कुठल्याही किनाऱ्यावर एक पेला भरून घेतला, तर आपल्या घोटातले ८०-९० रेणू त्यात सापडतील. अणू-रेणू किती बारीक, हे सांगायला मला याहून चांगला हिशेब माहीत नाही.

आता पुन्हा ड्रमकडे. मोरचुदाच्या स्फटिकात तांब्याच्या प्रत्येक अणूमागे गंधकाचा एक अणू, ऑक्सिजनचे चार आणि वर पाण्याचे पाच रेणू असतात. म्हणून त्याचा एक मोल भरतो सुमारे २५० ग्रॅम. कळीचा चुना म्हणजे नुसतं कॅल्शियम आणि ऑक्सिजन. त्याचा मोल ५६ ग्रॅमचा. म्हणजे एक किलो मोरचुदात ४ मोल तांबं आणि एक किलो चुन्यात जवळपास १८ मोल कॅल्शियम! वजन सारखं, नग साडेचार पट. तांब्याला बांधून ठेवायला साधारण एकास एक चुना पुरतो, तरी एवढा जास्तीचा घालतात, म्हणजे मोकळं तांबं उरायला नको. उघडा राहिलेला जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर झालेला असतो. म्हणून वजन बरोबर असूनही पातं लाल होऊ शकतं.

तांब्याचा मोल ६३.५५ ग्रॅमचा, असं मूलद्रव्यांच्या तक्त्यात दिसतं. पण ६३.५५ वजनाचा तांब्याचा अणू जगात एकही नाही. केंद्रकात २९ प्रोटॉन असले की तो अणू तांब्याचा. न्यूट्रॉन मात्र कुणात ३४, तर कुणात ३६. पहिले शंभरात ६९, दुसरे ३१, आणि ६३.५५ ही त्या मिश्र ढिगाची सरासरी. असे भाऊबंद म्हणजे समस्थानिक. ही कल्पना फ्रेडरिक सॉडीने १९१३ साली मांडली. कांदाचाळीतली गोल्टी (बारीक कांदा) आणि मोठा कांदा डोळ्यांनी वेगळे करता येतात. इथे ते जमत नाही. मोरचुदात दोन्ही तांबी सारखीच वागतात.

केंद्रक अस्थिर असेल, तर मात्र न्यूट्रॉनचा फरक लपत नाही. आणि ते बघायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र, म्हणजे शेतमालावर किरण सोडण्याची जागा, २००२पासून आहे. २००७ साली अमेरिकेला गेलेला हापूस तिथूनच विकिरण होऊन गेला. तिथे वापरतात कोबाल्ट-६०. खाणीत मिळणारं कोबाल्ट ५९ वजनाचं आणि स्थिर असतं. अणुभट्टीत त्याने एक न्यूट्रॉन गिळला की ६० होतं. मग त्याचा एकेक अणू गॅमा किरण सोडत निकेल होत जातो. हे किरण कांद्याच्या कोंबातल्या पेशींची वाढ थांबवतात, म्हणून साठवणुकीत कोंब फुटत नाहीत. कांद्यातल्या अणूंची केंद्रकं बदलण्याइतकी ऊर्जा या किरणांत नसते, त्यामुळे कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही. हा गैरसमज मी आजही ऐकतो, म्हणून मुद्दाम लिहितो.

५.२७ वर्षांत त्या कोबाल्टचे निम्मे अणू निकेल होतात. म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का घट. नवं कोबाल्ट भरेपर्यंत, किरणांची तेवढीच मात्रा द्यायला माल दर महिन्याला किंचित जास्त वेळ किरणांसमोर ठेवावा लागतो.