कॅमेरा बंद, झोप पुरी

करोनाकाळात ऑनलाइन तास घेतलेल्या शिक्षकांना ते काळे चौकोन आठवत असतील. पडद्यावर पन्नास-साठ नावं, चेहरा एकही नाही. ‘कॅमेरा चालू करा रे’ असं कितीदा सांगितलं तरी फरक पडत नसे. मुलांना शिकायचंच नाही, असा अर्थ तेव्हा घराघरांत आणि शिक्षकांच्या खोलीत काढला गेला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी मात्र विद्यार्थ्यांनाच कारण विचारलं. ४१ टक्के जण म्हणाले, आपण कसे दिसतो याची चिंता वाटते. मागे घरातली माणसं दिसतात, घर दिसतं, इंटरनेट तुटतं, हीही कारणं होतीच.

आपल्याकडे हे पटायला जड जाऊ नये. एका खोलीच्या घरात आई मागे भाकऱ्या थापत असते, धाकटा भाऊ रडत असतो आणि ते सगळं वर्गासमोर उघडं करायचं असतं. या संकोचाला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. त्यातही स्वतःचा फोन असणारी मुलं भाग्यवान. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या २०२१च्या पाहणीत ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्याही २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता.

कॅमेरा चालू ठेवल्याने खरंच थकायला होतं का? स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये याची कारणं मांडली. एरवी दिवसभरात आपण स्वतःचा चेहरा क्वचित पाहतो. इथे बोलताना, ऐकताना तो सतत समोर असतो, आणि स्वतःला जोखणं थांबत नाही. शिवाय चौकटीत राहायचं म्हणून शरीर जखडून बसतं. त्याच वर्षी कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका प्रयोगात कॅमेरा चालू ठेवण्याच्या दिवसांत थकवा जास्त आढळला. तो स्त्रियांना आणि नव्याने रुजू झालेल्यांना अधिक जाणवला. नवी शाळा, नवं कॉलेज, अनोळखी वर्ग अशा स्थितीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

दुसरी अडचण कानांची. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. दहा भाषांच्या अभ्यासात हेच प्रमाण थोड्याफार फरकाने दिसलं. जोडणीत जरासा उशीर झाला की ही लय मोडते. फोनवरच्या बोलण्यात मुद्दाम १.२ सेकंदांपर्यंत उशीर घातला, तेव्हा लोकांना समोरचा माणूस कमी आपुलकीचा, कमी लक्ष देणारा वाटला. दोष तारेचा आणि ठपका माणसावर! वर्गात विनोदावर सगळे एकदम हसतात, ते ऑनलाइन घडतच नाही. मुलांना एकटं वाटलं ते यामुळेही.

तरीही सगळा दोष पडद्याला देता येत नाही. एनसीईआरटीने २०२२च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या ३.७९ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. ऑनलाइन शिकणं अवघड जातं असं ५१ टक्क्यांनी सांगितलं. पण चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल सांगणारे होते ८१ टक्के. (मुलाला हे घरी बोलणं कठीण जात असेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.)

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाचा निष्कर्ष तर अनेकांना चक्रावून गेला. तिथल्या १३-१४ वर्षांच्या हजाराहून अधिक मुलांना टाळेबंदीआधी आणि टाळेबंदीत तेच प्रश्न विचारले गेले. चिंतेची जोखीम असलेल्या मुलींचं प्रमाण ५४ टक्क्यांवरून ४५वर, मुलांचं २६वरून १८वर आलं. शाळेशी आधीच फारसं नातं नसलेल्या मुलांना जास्त बरं वाटलं होतं. शाळा बंद झाली आणि काही मुलांचा जीव भांड्यात पडला, हे मोठ्यांनी मान्य करायला हवं.

आणि झोप! झुरिच परिसरातल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात, शाळा ऑनलाइन असताना मुलं शाळेच्या दिवशी आधीपेक्षा सरासरी ७५ मिनिटं जास्त झोपली. ती रात्रभर जागत बसली नव्हती, सकाळी उशिरा उठत होती. किशोरवयात झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे दहालाच झोप असं दटावून झोप येत नाही.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. चांगलाच निर्णय, पण शरीराचं घड्याळ उशिरा चालू लागतं ते सातवी-आठवीपासून पुढे, आणि ती मुलं त्यात नाहीत. दोन पाळ्यांच्या शाळांत खोल्यांची अडचण खरी आहे. पण दहावीच्या जादा तासाला मुलांना पहाटे साडेसहाला बोलावणं बंद करायला नवी इमारत लागत नाही.